निवट्यांना घातलेलं औषध

"मेंढराच्या गळ्यातली गाठ?" दौलतने पुन्हा विचारलं. "खायची?"

"तव्यावर जरा परतून. रोज नखाएवढीच," डॉक्टर म्हणाले. रंगूबाईच्या गळ्यातली तशीच गाठ सुकली आहे, तिच्यावाचून अंगातली ऊब विझत जाते, असं त्यांनी समजावलं. विलायतेत हा उपाय नुकताच लागू पडला होता. आपण अजून कुणाला दिलेला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

दौलतची बायको रंगूबाई म्हणजे एकेकाळी कोपरीच्या कोळ्यांतली तिखट जीभ. आता तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, आणि भर वैशाखात ती गोधडी लपेटून चुलीपाशी बसलेली. काही विचारावं तर उत्तर येईपर्यंत माणसाने विडा लावून खावा. बाहेरची बाधा, असं म्हणून वस्ती मोकळी झाली होती. दौलतची थोरली बहीण पारूबाई तर त्याच्यासाठी दुसरी बायको बघूनही आली होती.

दौलतला दुसरी नको होती. पण हे औषध विषच निघालं तर, या भीतीने ते हिला घालायचीही छाती होईना. मग कोळ्याला सुचावं तेच त्याला सुचलं. खाडीच्या चिखलावर टुणटुण उडणाऱ्या निवट्या, म्हणजे बोटभर मासे, त्याने धरून आणल्या, माठात सोडल्या आणि गाठ बारीक चिरून त्यांना घातली. औषध खरं असेल तर या माठाबाहेर उडतील, असा त्याचा हिशोब. निवट्यांनी गाठ फस्त केली आणि होत्या तशाच पडून राहिल्या. दौलत हिरमुसला. औषध फुकाचं, पण निदान विष नाही, एवढंच त्याला कळलं. तेवढ्या आधारावर त्याने तवा तापवला.

रंगूबाई मुकाट्याने खात राहिली. पारूबाईच्या फेऱ्याही चालूच होत्या. ज्येष्ठातल्या एका दुपारी ती ओट्यावर बसून दौलतला बजावू लागली, की मुलीचा बाप आता थांबायचा नाही, आतल्या बाईचं काही खरं नाही.

"वन्सं," आतून लगेच आवाज आला, "मी मेली नाय अजून. त्या बापाला जेवाया बोलवा. पन माझी चूल कोनाला मिलनार नाय."

दौलत आत धावला. रंगूबाई पदर खोचून भाकरी थापत होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"लय उकडतंय," ती म्हणाली.

दौलतच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही. कोपऱ्यातलं सूप उचलून तो तिला वारा घालत बसला. ओट्यावरची पारूबाई कधी उठून गेली, ते त्याला कळलंच नाही.