शंभर विहिरी खाली

गेल्या जूनमध्ये वैजयंतीने पेपरात बिनधास्त ठोकून दिलं होतं, 'आठवडाभरात पाऊस'. शास्त्रज्ञ 'शक्यता आहे' म्हणाले होते. पण मथळ्यात जागा पुरेना, म्हणून ते शब्द वैजयंतीबाईंनी स्वतःच्या हाताने उडवले. तिच्या रिठदच्या अर्ध्या गावाने बातमी वाचून पेरलं, तिच्या बाबांनीही. पाऊस आला एकविसाव्या दिवशी, तोवर बी मातीतच करपलं होतं. बाबा लेकीला चकार शब्द बोलले नाहीत, फक्त घरी येणारा पेपर बंद केला. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

यंदा बातमी समुद्राची होती. त्याच भागातल्या आसेगावची रत्नमाला समुद्र मोजणाऱ्या जहाजावर शास्त्रज्ञ होती आणि तिची एकच अट होती. छापण्याआधी प्रत्येक वाक्य तिला वाचून दाखवायचं.

दुपारी घरच्या ओसरीवरून रत्नमालाला व्हिडिओ कॉल लागला. बाबा पाठ करून तूर पाखडत बसले होते. पडद्यावर जहाजाचा कठडा आणि सरसर पाण्यात उतरणारी तार दिसत होती. तारेच्या टोकाला खालचं पाणी भरून आणणाऱ्या बाटल्या होत्या.

"किती खोल गेलं?" वैजयंतीने विचारलं.

"दोन हजार मीटर. अजून जाऊनच राह्यलं."

सूप थांबलं. "आपली विहीर साठ फूट," बाबा पुटपुटले. "म्हंजे एकीखाली एक, शंभरावर विहिरी?"

"हो काका. अन् खालून जे पाणी येईन ना, त्यानं ऊन पाहून शेकडो वर्षं झाली असतीन."

वैजयंतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजोबांच्या आजोबांच्याही आधीचं ऊन! बाबा उठून फोनजवळ आले.

"मंग पोरी, औंदा पाऊस कसा होईन?"

 संपादकांनी मथळा तयारच ठेवला होता, 'समुद्र तापला, पाऊस लांबणार'.

"मले माहीत नाही काका. एवढ्या एका मोजणीवरून कोणालेच सांगता येत नाही."

"एवढं खोल जाऊनही?"

"एवढं खोल जाऊनही."

बाबा कितीतरी वेळ ती तार पाहत राहिले.

वैजयंतीने कॉल ठेवून संपादकांना फोन लावला आणि तो मथळा काढायला सांगितला. ते बरेच कुरकुरले, ती हटली नाही. मग तिने रत्नमालाला पुन्हा कॉल लावून बातमीचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, "यंदाचा पाऊस कसा होईल, हे आज माहीत नाही."

"बरोबर," रत्नमाला म्हणाली.

"माहीत नाही, असं छापणार तुमी?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

सूप उचलून ते आत निघाले आणि दारात थांबले.

"पेपरवाल्याले सांग, उद्यापासून टाकत जाय म्हणा."