आजाऱ्यांची पहिली रांग

पेटीकाकांना ऐकू येत होतं. सगळं, चांगलं खणखणीत. आणि गेलं दीड वर्ष ही गोष्ट जगात त्यांच्या एकट्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

पेटीकाका म्हणजे सुतार. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि गेली चाळीस वर्षं त्या चर्चमधून निघालेली जवळजवळ प्रत्येक शवपेटी त्यांच्या हातची. एखादा नवखा विचारायचा, "काका, पेटी वाजवता वाटतं?" काका म्हणायचे, "छे हो, माझ्या पेटीत सूर नसतो, माणूस असतो." मग तो नवखा दुकानातून जरा लवकरच निघायचा.

तर त्या रविवारी मिस्सा संपता संपता फादर वेदीपाशी उभे राहून म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपले बत्तीस जण परदेशी निघालेत, मरियामातेच्या तीर्थस्थानी. तिथल्या झऱ्याच्या पाण्यानं कितीकांना गुण आलाय. आपण सगळे मिळून नऊ दिवसांची नोव्हेना करू या, आपल्या पेटीकाकांच्या कानांसाठी!" अख्खं चर्च 'आमेन' म्हणालं. काकांनी चेहरा ठोकळ्यासारखा ठेवला. शेजारी काकूंनी पर्समधली छोटी वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'तुमच्यासाठी प्रार्थना.' काकांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात म्हणाले, मेलो!

आता तुम्ही म्हणाल, काय नाटकी म्हातारा आहे हा. थांबा जरा. माणसाला नावं ठेवायला वेळ लागत नाही, आधी ऐकून तरी घ्या.

काकांचे कान खरोखरच गेले होते. ताप आला, दोन्ही कानांत बोळे कोंबल्यासारखं झालं, आणि डॉक्टर म्हणाले, येईल ऐकू किंवा नाहीही येणार. पाच आठवडे काकू वहीत लिहून बोलत होत्या. मग एका दुपारी काकू खिडकीपाशी इस्त्री करत होत्या, काका खुर्चीत पेंगत होते, आणि एकदम कानात टक् झालं. पहिला आवाज कानावर आला तो काकूंचा. त्या चादरीची घडी घालत म्हणत होत्या, "आज ती छत्तीस वर्षांची झाली असती. जाडी झाली असती, माझ्यासारखी. रोज भांडली असती माझ्याशी."

ती म्हणजे त्यांची लेक. एकुलती एक. सहा वर्षांची असताना तीन दिवसांच्या तापात गेली. तिची पेटी काकांनी स्वतः केली होती, आणि त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांसमोर तिच्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. घरात मिठापासून मतदानापर्यंत सगळ्यावर बोलणं व्हायचं, तिच्यावर नाही. तीस वर्षं!

"अगं, ऐकू आलं!" असं काका ओरडणारच होते. शब्द जिभेवर आले होते. पण ओरडलो तर ही गप्प होईल, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना झाला. रोज दुपारी काकू इस्त्रीला उभ्या राहायच्या आणि बोलायच्या. लेक जिना उलटे आकडे म्हणत उतरायची. चर्चमधल्या ऑर्गनला घाबरायची आणि काकूंच्या पदरात तोंड लपवायची. ती गेल्यावर वर्षभर काकूंच्या हातून ताटं तीनच मांडली जायची, आणि काका घरी यायच्या आत त्या एक उचलून ठेवायच्या. यातलं कितीतरी काकांना माहीतच नव्हतं. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे.

बायकोशी खोटं बोलणं एक वेळ पचलं असतं. पण तीनशे माणसांची नोव्हेना? ती काही केल्या पचेना.

प्रवासात तर त्यांचे हालच झाले. सगळ्यांना पिवळ्या टोप्या, पुढे झेंडा घेतलेला गाईड, बसमध्ये जपमाळ. बहिऱ्या माणसासमोर लोक काय वाट्टेल ते बोलतात. चर्चच्या गायनबाई काकांच्या तोंडासमोर म्हणाल्या, "काकांचा काही त्रास नाही हो, नेऊन ठेवलं तिथं बसतात. फर्निचरच." काकांनी मनातल्या मनात गायनबाईंचं माप घेतलं. साडेपाच फूट, रुंदी जरा जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीर्थस्थानी आजाऱ्यांचा आशीर्वाद होता. सकाळी फादर हॉटेलच्या जेवणघराच्या कोपऱ्यात कन्फेशन ऐकायला बसले. काकांसाठी त्यांनी एक सोय काढली होती. दहा आज्ञांचं कार्ड पुढे धरायचं, काकांनी जी मोडली असेल तिच्यावर बोट ठेवायचं. आज काकांनी आठव्या आज्ञेवर बोट ठेवलं, खोटं बोलू नकोस. मग खिशातून चिठ्ठी काढून दिली. 'मला ऐकू येतं. दीड वर्ष झालं.'

"काय?" फादर सवयीनं ओरडले. मग त्यांना कळलं की ओरडायची गरज नाही. ते खाली वाकले. "काका, नऊ दिवस मी गुडघे टेकलेत! माझ्या संधिवातासकट!"

"मला वाटलं आपोआप विषय मागे पडेल, फादर," काका पुटपुटले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. इस्त्री, दुपार, लेक. फादरनी दाढी खाजवली.

"पापक्षमा देतो," ते म्हणाले. "पण परतीच्या विमानात चढायच्या आधी काकूंना खरं सांगायचं. आणि एक ऐका. कृपा करा आणि इथं बरे होऊ नका! मातेच्या नावावर खोटा चमत्कार खपवलात तर माझ्याशी गाठ आहे."

"मग आजाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा."

फादरांनी कपाळावर हात मारला. "कसं काढू? कारण काय सांगू? कन्फेशनमध्ये ऐकलेलं मला शब्दानंच काय, कृतीनंही बाहेर काढता येत नाही. तुमचं नाव मी आज खोडलं तर उद्या सगळे विचारणार, काकांनी फादरना असं सांगितलं तरी काय? बसा आता पहिल्या रांगेत. आपलं करणं आपण भोगायचं."

बसले. भल्यामोठ्या पटांगणात पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर, काठ्या. प्रत्येक आजाऱ्याबरोबर घरचं एकच माणूस. पिवळ्या टोप्या पार मागे, गर्दीत. काकूंनी डावीकडे पाहिलं, एक गोरा म्हातारा डोळे मिटून बसलेला. उजवीकडे परक्या देशाची एक वृद्ध सिस्टर. आपली भाषा समजेल असं आसपास कुणी नाही, अशी खात्री झाल्यावर काकूंनी हात जोडले आणि त्या मोकळ्या आवाजात बोलायला लागल्या. मुलगी माहेरी येऊन आईशी बोलते तसं.

"माये, ह्यांचे कान मागायला आले. त्यासाठीच एवढ्या लांब आले. पण तुझ्यापासून काय लपवू? मला भीती वाटते गं. ह्यांना ऐकू येत नाही म्हणून तर मला लेकीबद्दल बोलता येतं. ह्यांनी पेटी केली त्या दिवशी मी म्हटलं होतं, हात कसे धजावले तुमचे? माझ्या तोंडून गेलं. त्यानंतर ह्यांनी तिचं नाव काढलं नाही. आणि मी माफी मागितली ती कधी? हे बहिरे झाल्यावर. म्हणजे न मागितल्यासारखीच. आता कान आले की माझं तोंड पुन्हा बंद होणार, मला ठाऊक आहे. असू दे. मी राहीन गप्प, तीस वर्षं राहिलेच की. पण ह्यांना ऐकू येऊ दे."

काका एकेक दुपार आठवू लागले. त्या माफीच्या दुपारी आपण कुठे होतो? दुकानात गेलो असू, झोप लागली असेल, की कान खरोखरच बंद होते तेव्हाची ती दुपार? दीड वर्ष चोरून ऐकलं, आणि जे ऐकायला हवं होतं तेच नेमकं निसटलं.

"गप्प राहू नकोस," ते म्हणाले.

काकू गर्रकन वळल्या. "तुम्हाला ऐकू आलं?" त्यांचा चेहरा असा उजळला की काकांना बघवेना. "अहो, ऐकू आलं! मायेनं ऐकलं माझं!" त्या उठल्या, मागच्या पिवळ्या टोप्यांना हाक मारायला त्यांनी हात वर केला.

एक 'हो' म्हणायचं, बस. काकू खूश, चर्च खूश, नोव्हेना फळली, आणि फादरना बिचाऱ्यांना तोंडही उघडता आलं नसतं. काकांनी काकूंचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"आज नाही आलं. दीड वर्षापासून येतंय. ती छत्तीस वर्षांची झाली असती म्हणालीस ना, त्या दुपारपासून."

पवित्र साक्रामेंताचं सोनेरी पात्र हातात घेतलेले परके धर्मगुरू त्यांच्यासमोर आले, थांबले, आशीर्वाद देऊन पुढे गेले. दोघांनी सवयीनं माना झुकवल्या. काकू वर बघेनात.

"सगळं ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"माफीचं सोडून सगळं. ते आत्ता ऐकलं."

"चोर आहात तुम्ही," काकू म्हणाल्या. "माझ्याच घरात बसून मला लुटलंत. मी आपली येडी, मन मोकळं करतेय, आणि हे पेपराआड बसलेत! चोर!" शेजारच्या सिस्टरला वाटलं, प्रार्थनाच चालली आहे. तिनं प्रेमानं काकूंच्या पाठीवर हात फिरवला. काकूंनी तो झटकला नाही, पण काकांकडे पाठ केली.

आशीर्वाद रांगेच्या टोकाला पोचला, चाकाच्या खुर्च्या हलायला लागल्या, तेव्हा कुठे त्या पुन्हा वळल्या.

"माझं ऐकून झालं ना? मग आता तुम्ही बोला. तीस वर्षांपूर्वी विचारलं होतं मी, उत्तर दिलं नाहीत. हात कसे धजावले?"

काका आपल्या हातांकडे बघत हळूहळू बोलू लागले.

"दुसऱ्या कुणी केली असती तर त्यानं घाई केली असती. बाहेरून घासायची, पॉलिश मारायचं, झालं. आतून कुणी घासत नाही. आतलं कोण बघतं? मीही कधी घासली नव्हती, कुणाचीच. तिची घासली. चार वेळा. मग आत हात घालून फिरवत बसलो, तळ, कडा, कोपरे, पुन्हा पुन्हा. दुकानात खेळताना तिच्या बोटात लाकडाचं कुसळ घुसलं की ती तुझ्याकडेच धावत यायची. माझ्याकडून काढून घ्यायची नाही. म्हटलं, आत एकही कुसळ राहता कामा नये. तिथं तू नसणार होतीस."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग तो बाजूला केला आणि काकांच्या समोर बसून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडल्या.