मागची जागा

“उजवीकडे घ्या हो, उजवीकडे! डोळे काय घरी ठेवून आलात?”

काकूंचा आवाज नदीभर घुमला आणि मागच्या होड्यांमध्ये हशा पिकला.

दोन-दोन माणसांच्या अरुंद होड्या होत्या त्या. पुढच्याने नुसतं वल्हवायचं, होडी वळवायचं काम मागच्याचं. काकूंच्या मागे ड्रायव्हरकाका बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. पावसात ते दाराशी उभे राहून प्रत्येक मुलाला सांगत, “तीन पायऱ्या आहेत बाळा, मोजत उतर.” धावत उतरणाऱ्याला पुन्हा वर चढवून मोजायला लावत. तीच मुलं आता मोठी होऊन दर पावसाळ्यात ही सहल काढत.

काकू का ओरडतात, ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. वर्षभरात काकांची नजर गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळे, बाकी सगळं धुकं. ज्याला नीट दिसत नाही त्याने सामानाच्या होडीत, डब्यांशेजारी बसायचं, असा सहलीचा नियम होता.

“एवढी वर्षं सगळ्यांना नेलं,” काका घरी म्हणाले होते, “आता डब्यांबरोबर जाऊ?”

मग काकूंनी युक्ती काढली. वाटभर भांडायचं. नवरा-बायको भांडतात याचं कुणाला नवल?

दुपारी पाऊस असा कोसळला की समोरचं बेट दिसेना. चष्मेवाले तर चष्मे पुसून थकले. बेटाच्या डाव्या अंगाला झाड आडवं पडलं होतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण डावं कुठलं नि उजवं कुठलं? सगळ्यांत पुढच्या होडीतल्या काकूंना बेटाचा काठ पुसटसा दिसत होता. त्यांनी सूर चढवला. “उजवं! अजून! आता सरळ, झोपलात की काय?” बाकीच्या होड्या निमूटपणे त्या आवाजामागे लागल्या.

सहलीची म्होरकी आता दातांची डॉक्टर होती. लहानपणी बसमध्ये रोज एकाच वळणावर ओकायची. ती वल्हवत काकांच्या होडीशेजारी आली आणि तिचं वल्हं हवेतच राहिलं. काकांनी डोळे चक्क मिटून घेतले होते. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. काकूंच्या प्रत्येक हाकेला वल्हं मात्र बरोबर पडत होतं.

तिने वल्हं पाण्यात घातलं आणि आपली होडी पुन्हा त्यांच्या मागे घेतली.

धक्क्याला लागल्यावर तिने पुढच्या वर्षीची यादी काढली. “तुमच्या होडीत मागे कोण?”

दिवसभरात पहिल्यांदाच काकू गप्प झाल्या.

“मीच,” काका म्हणाले. “पुढे ही. तिचा घसा टिकला तर.”

तिने तसंच लिहून घेतलं. मग होडीची दोरी बांधून ती वाकली आणि हळूच म्हणाली, “काका, तीन पायऱ्या आहेत. मोजत चढा.”

काका क्षणभर थबकले. मग त्यांनी पाय उचलला आणि शाळेतल्या मुलासारखे मोठ्याने मोजू लागले.

“एक.”