थुंकलेल्या बियांचा धुरा

मी एक जुना धुरा आहे. मित्रांनो, पातूरच्या जंगलापासून नाल्यापर्यंत, दोन वावरांच्या मधून गेलेली झाडाझुडपांची पट्टी म्हणजे मी. वावरातले नको असलेले दगड माझ्यावर टाकले, एवढीच काय ती माणसाची कर्तबगारी! झाडे आपली आपण आली. बोरे कोल्ह्यांनी आणली, कडुलिंब पाखरांनी, धावड्याचे हलके बी वाऱ्याने. माणसाने कुंपणाला काट्या तेवढ्या नेल्या.

१९६१च्या उन्हाळ्यात अकोल्याहून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चिंतामणराव आले. जंगलातली झाडे माझ्यावरून पुढे सरकतात का, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी पाने मोजली, बिया तोलल्या, फळे चिरली. विचारले मात्र कुणालाच नाही. इतका शिकलेला माणूस आणि कानांचा उपयोग फक्त चष्मा अडकवायला!

"हलकं बी वाऱ्याने येतं, बारीक फळ पाखरू गिळतं," ते दोन्ही वावरांचे मालक खुशालराव यांना म्हणाले. "टेंभुर्णीचं बी मोठं. ते इथवर येणार नाही. धुऱ्यावरचं हे एक टेंभुर्णीचं झाड जुन्या जंगलातलं उरलेलं असेल."

"म्हंजे कामाचं नवं काई येत नाही? मंग धुरा ठेवून काय करू? उद्या मोडतो अन् पऱ्हाटी पेरतो."

मोडणारा लोभी आणि सांगणारा अर्धवट!

वावरातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला आलेली सुंदराबाई सावलीत भाकर खात होती. ती उठली.

"काहून सायेब, जुनं कायचं? माह्या लग्नाच्या वक्ती हे झाड इथं नोयतं. आमी बाया जंगलातून टेंभरं आणतो, इथंच बसून खातो अन् बिया थुकतो. पाखराले गियता येत नसन, आमाले तं थुकता येते नं!"

तिने गवत बाजूला सारले. टेंभुर्णीची सात रोपे होती. चिंतामणरावांनी वही उघडली आणि बी आणणाऱ्यांच्या यादीत पाखरांच्या खाली लिहिले, 'माणूस'.

खुशालरावांना मग अचानक आठवले, की विडीवाले टेंभुर्णीची पाने विकत नेतात. मी वाचलो. सुंदराबाईला कुणी शाबासकीही दिली नाही.

मित्रांनो, दर वनमहोत्सवाला पुढारी येतात, रोप खोचतात, हार घालून घेतात. आठवड्यात रोप वाळते. तुम्ही तसले काही करू नका. टेंभरे खा, माझ्यावर येऊन बसा आणि खुशाल थुंका.