पडेगावचं भाडं

चिकलठाण्याला विमानतळाबाहेर कडुबा गाडीत बसून डबा खात होता. आजूबाजूला पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. ॲपवाल्या टॅक्सी कंपनीनं विमानतळाच्या फेऱ्यांवर बक्षीस लावलं होतं आणि पडेगावसारख्या कडेच्या भागाचे दर इतके उतरवले होते, की गॅसचा खर्चही निघेना. पडेगावचं भाडं आलं की जो तो सोडून देई. कडुबाही सोडायचा, त्याचं स्वतःचं घर पडेगावात असून.

तेवढ्यात बायकोचा, श्रेयाचा फोन आला.

"अहो, आबांच्या छातीत लई दुखायलंय. घामानं भिजलेत. कवापासून गाडी बोलावायले, कुणीच येईना!"

"रिक्षा बघ!"

"नाय एकबी. रुग्णवाहिकेला वेळ लागंल म्हणायलेत."

डबा तसाच टाकून कडुबा निघाला. जालना रोड गच्च भरलेला. तो हॉर्नवर हात दाबून ओरडत होता, "सरका हो, माझा बाप चाललाय!" बंद काचांतून कुणाला ऐकू जाणार? श्रेयाचा पुन्हा फोन आला, "अजून कुणीच नाय ओ." मग फोन येणंच थांबलं.

तो घरी पोचला तेव्हा पुंजारामआबा ओसरीवर भिंतीला टेकून होते. दवाखान्यात जायचं म्हणून श्रेयानं त्यांना धुतलेला सदरा घातला होता, पायांत चपलाही चढवल्या होत्या. अंग गार पडलं होतं.

मातीला आलेला इंद्रजीत, त्याच्याच बरोबरीचा ड्रायव्हर, स्मशानाबाहेर कडुबाजवळ आला.

"कडुबा, ते भाडं मला आलतं. मी छावणीतच होतो रे, पडेगावाच्या अगदी जवळ. पडेगाव दिसलं अन् सोडलं."

कडुबानं त्याची कॉलर धरली. मग बोटं आपोआप सैल पडली.

"मीबी सोडलं असतं," तो म्हणाला आणि तिथंच मटकन बसून हमसून रडला.

दहाव्यानंतर दोघं कंपनीच्या ऑफिसात गेले. मागून आणखी काही ड्रायव्हर आले. टेबलामागचा माणूस नम्रपणे म्हणाला, "दर आमच्या हातात नाहीत. ते वरून ठरतात."

"वर म्हंजी कुठं?"

"ते मलाही माहीत नाही."

"मंग इचारा. तवर आमच्या गाड्या बंद."

कडुबा दारातच पायरीवर बसला. शेजारी इंद्रजीत बसला, मग बाकीचे. खिशातले फोन वाजत राहिले. कुठल्या तरी ओसरीवर कुणीतरी गाडीची वाट बघत असेल, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि ज्यांनी ते दर ठरवले, त्यांच्यापर्यंत ती ओसरी कधी पोचणार होती?