अर्ज असा भरावा

तिला घरात सगळे 'घाई' म्हणत. दिवस भरायच्या आधीच जन्मली, आणि तेव्हापासून जिथे जायची तिथे आधीच पोचायची. शाळेचं फाटक उघडायला शिपाई यायचा तेव्हा ही फाटकाशी उभी. दाताच्या डॉक्टरांकडे गेली की डॉक्टरांना दार उघडायला मदत करायची. त्यामुळे मोठ्या सरकारी विद्यापीठाने 'लवकर अर्ज करणाऱ्यांचा विचार आधी केला जाईल' अशी जाहिरात दिली, तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "ही योजना कुणीतरी आपल्या पोरीला डोळ्यासमोर ठेवूनच काढलीय."

बाबांचं कुलूप-किल्लीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. आई दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत कामाला. दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची. घरात कुणीच विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

अर्ज सोळा पानी होता. घाईने तो आधी पेन्सिलीने भरला, मग पट्टी धरून शाईने. एक खाडाखोड नाही. विषयाच्या रकान्यात तिने 'संख्याशास्त्र' लिहिलं. फक्त आईची जन्मतारीख तिला पक्की आठवेना. आई कामावर होती, म्हणून तिने बाबांना विचारलं. बाबांनी कानशीवरची नजर न काढता तारीख सांगून टाकली.

अर्ज घ्यायला सुरुवात झाली त्या सकाळी सात नंबरच्या खिडकीसमोर ती पहिली. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पानं उलटली, आणि त्याचा हात हळूहळू थांबला.

"हे तू भरलंस?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं?" कारकुनाने चष्मा काढून पुसला. "मुली, एकवीस वर्षं झाली मला या खिडकीत. लोक 'इथे काही लिहू नये' या चौकटीत सही करतात. फोटो उलटा चिकटवतात. एकाने वडिलांच्या व्यवसायाच्या जागी 'बरा आहे' लिहिलं होतं." त्याने शेजारच्या खिडकीतल्या दोघांना हाक मारली. तिघांनी मिळून तो अर्ज लहान बाळासारखा पाहिला. मग कारकुनाने एक नंबरची पावती फाडून तिच्या हातात दिली. घाई तरंगतच घरी आली.

तिची पाठ वळताच कारकुनाने तो अर्ज व्हरांड्यातल्या काचेच्या फळ्यात लावला. सोळाच्या सोळा पानं ओळीने. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अर्ज असा भरावा', आणि खाली बारीक अक्षरात, 'नमुन्याहून वेगळा आढळल्यास अर्ज बाद होईल.' त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कामाचा उत्साह आला होता.

महिन्याभराने यादी लागली. घाईचं नाव नव्हतं. ती पावती घेऊन खिडकीशी गेली.

"एक नंबर?" कारकुनाने वही काढली. "हा काय. एक नंबर. शेरा: नमुना."

"पण तो माझा अर्ज आहे."

"होता. आता नमुना आहे. नमुना हा अर्ज नसतो. नमुन्याला प्रवेश दिला तर उद्या फळ्यावर काय लावायचं?"

"मग मी दुसरा भरून देते."

"मुदत संपली ना! तू तर किती लवकर आली होतीस. दहा दिवस होते तुझ्याकडे."

संध्याकाळी घरी हे ऐकून आईने कपाळावर हात मारला. "आमच्याकडे नमुना तपासून झाला की कचऱ्यात टाकतात," ती म्हणाली, "पण त्याचा अहवाल तरी देतात!"

दुसऱ्या दिवशी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन सोबत गेले. कारकून म्हणाला होता की काचेच्या फळ्याची किल्ली चार वर्षांपूर्वी हरवली, म्हणून अर्ज काढता येत नाही. बाबांनी कुलपाकडे पाहिलं. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे. उघडू?"

"मुळीच नको!" कारकून घाबरला. "सरकारी कुलूप आहे ते."

"मग तुम्ही आत कागद लावले कसे?"

"वरच्या फटीतून सरकवले. पट्टीने."

"तसेच काढा."

"काढायचा नियम नाहीये."

या वादात प्रवेश विभागाच्या बाई बाहेर आल्या. हातात फायलींचा ढीग, चेहरा ओढलेला. त्यांनी घाईचं नाव ऐकलं आणि तिच्याकडे असं पाहिलं जसं काही महिनाभर छळणारा डास शेवटी दिसला. "तू पण?" त्या म्हणाल्या. "आणखी किती आहात?"

तेव्हा कुठे खरा प्रकार कळला. सात नंबरच्या खिडकीवर अर्ज द्यायला आलेल्या लोकांनी फळा वाचला होता. अर्ज असा भरावा, वेगळा आढळल्यास बाद. ज्यांनी आपलं स्वतःचं नाव लिहिलं ते अर्ज नमुन्याहून वेगळे म्हणून बाद झाले. उरलेल्यांनी अक्षरशः तसाच भरला. घाईचं नाव, घाईचा पत्ता, घाईचे गुण, वडिलांचा व्यवसाय किल्ल्या बनवणे. काचेतून तिच्या फोटोचा फोटो काढून तोही चिकटवला. असे दोनशे तेरा अर्ज नियमात बसले होते.

"एका नावाला एकच जागा," बाई म्हणाल्या. "सोमवारी सुनावणी आहे. खरी कोण ते ठरवू. तूही ये."

"पण बाई, मीच खरी आहे."

"सगळे तेच म्हणतात गं."

सोमवारी मोठ्या सभागृहात दोनशे चौदा घाया बसल्या होत्या. मुली होत्या, दाढीवाले मुलगे होते, कडेवर बाळ घेतलेली एक बाई होती. पहिल्या रांगेत खाकी पँट घातलेले एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. बाबा घाईच्या मागे उभे राहून पुटपुटले, "काय एकेक नमुने आहेत!" आणि लगेच जीभ चावली.

प्रश्न अर्जातलेच होते. घराचा नंबर? शाळा सोडल्याची तारीख? गणितात गुण किती? चुकला की बाहेर. दुपारपर्यंत दोनशे दोन जण गळाले. घाई टिकली होती. मग बाईंनी विचारलं, "आईची जन्मतारीख?"

घाईने मधल्या काळात आईला विचारून ठेवलं होतं. तिने बरोबर तारीख सांगितली.

"चूक," बाई म्हणाल्या. "अर्जात वेगळी आहे."

घाईने मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. त्यांनी आईला चक्क तीन वर्षांनी मोठं करून टाकलं होतं.

"बाई, एक मिनिट!" बाबा पुढे आले. कानापर्यंत लाल झाले होते, पण बोलले. "मी जन्मभर किल्ल्या बनवतोय. डुप्लिकेट किल्ली नेहमी चकचकीत असते, सगळे दात नमुन्याबरहुकूम. खऱ्या किल्लीचे दात झिजलेले असतात, कुठे टवका उडालेला असतो. इथे जिची तारीख अर्जाशी जुळली नाही तीच खरी, बाई. बाकीच्यांनी पाठ केलंय."

बाई विचारात पडल्या. घाईला वाटलं, जमलं!

"दातांबद्दल नियमात काही नाही," बाई म्हणाल्या. "पुढचा."

शेवटी ते खाकी पँटवाले गृहस्थ तेवढे उरले. त्यांनी सोळा पानं घडाघडा म्हणून दाखवली, पान क्रमांकांसकट. फोटो जुळतो का, असं एकाने दबक्या आवाजात विचारलं. बाईंनी त्यांच्या अर्जावरचा फोटो फळ्यावरच्या फोटोशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळत होता. प्रवेशाचं पत्र पाकिटात घालून त्यांच्या हातात देण्यात आलं, आणि घाईला 'सदर व्यक्ती आपण नसल्याचे सिद्ध झाले आहे' असा शिक्का मारलेला कागद मिळाला.

बसमध्ये ती तो कागद पुन्हापुन्हा वाचत राहिली. दोन थांबे गेले. मग बाबा म्हणाले, "आईला तारखेचं कोण सांगणार?"

"मी ती नाहीच ना," घाई म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

आईला सांगितलं. आई आधी बाबांवर उखडली, मग विद्यापीठावर, मग पुन्हा बाबांवर, कारण ते जवळ होते. इतक्यात दाराची कडी वाजली. दारात खाकी पँटवाले गृहस्थ.

"याच पत्त्यावर याच नावाची मुलगी राहते ना?" त्यांनी पाकीट वाचून विचारलं.

"राहायची," घाई म्हणाली.

"मग सही कर इथे." त्यांनी पिशवीतून वही काढली. "मी चाळीस वर्षं पोस्टमन होतो. सात वर्षं झाली निवृत्त होऊन. पाकिटावर ज्याचं नाव, त्याच्याच हातात पत्र. आजवर एकही चुकीच्या दारात टाकलेलं नाही."

आईने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला. ती अजून तापलेलीच होती. "अहो काका, पण तुम्ही असला अर्ज भरलात तरी कशाला?"

"पाटी होती ना," पोस्टमनकाका म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "कुत्र्यापासून सावध राहा, म्हटलं की मी सावध राहायचो. असा भरावा, म्हटलं, तसा भरला. खरं तर मला भूगोल शिकायचा होता. चाळीस वर्षं हजारो गावांची नावं वाचली, पण ती गावं आहेत कुठे, तिथे पिकतं काय, काही ठाऊक नाही. पण नमुन्यात संख्याशास्त्र होतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "मघाशी हिची तारीख अर्जाशी जुळली नाही, तेव्हाच ओळखलं मी. घरचं माणूस पत्ता सांगताना चुकतं, पोस्टमन चुकत नाही."

"तेव्हाच का नाही बोललात?" बाबा कळवळून म्हणाले.

"तेव्हा पत्र माझ्या हातात आलेलं नव्हतं."

घाईने सही केली. मंगळवारी ती पत्र घेऊन सात नंबरच्या खिडकीशी गेली. कारकुनाने पत्रावरचं नाव पाहिलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि कालच्या सुनावणीबद्दल एक अक्षर न काढता ओळखपत्र बनवून दिलं. कागद बरोबर होते. त्याला एवढं पुरेसं होतं. "तू नसल्याचा तो कागद मात्र जपून ठेव," त्याने सल्ला दिला. "कधी काय लागेल सांगता येत नाही."

वर्ष सुरू झालं. पोस्टमनकाका आठवड्यातून दोनदा दुकानात येऊन बसत आणि घाईकडून सरासरी, शक्यता वगैरे समजून घेत, कारण एकदा नाव लावलं त्या विषयात अगदीच कोरं राहणं त्यांना बरं वाटेना. बाबा किल्ली घासता घासता ऐकत. एकदा त्यांनी मधेच विचारलं, "म्हणजे दोनशे चौदातली एकच खरी असली, तर ती सापडण्याची शक्यता किती?"

"विद्यापीठात की इतर कुठे?" घाई म्हणाली.

पुढच्या वर्षीची 'लवकर अर्ज' योजना आणखी लवकर सुरू झाली. काकांनी या वेळी अकरा नंबरच्या खिडकीवरून अर्ज आणला. घाईने त्यांना दुकानाच्या फळीवर बसवून एकेक रकाना भरायला लावला. नाव, स्वतःचं. विषय, भूगोल. पाचव्या पानावर काका थांबले.

"काय झालं?" घाईने विचारलं.

त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. 'यापूर्वी आपण अन्य कोणत्या नावाने ओळखले जात होता काय? असल्यास ते नाव.'

काकांनी पेन फळीवर ठेवलं. खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि सुनावणीत त्यांचं ते नाव तर रीतसर सिद्ध झालेलं. "काय करू?" त्यांनी विचारलं.

आई नुकतीच कामावरून आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "लिहून टाका, काका. आणि आईची जन्मतारीख विचारली असेल तर मला विचारा, यांना नको."

काकांनी घाईचं नाव लिहिलं, खाली एक रेघ मारली, आणि पाचवं पान उलटलं.