फुंकरबाबा आणि आमची भक्त गाडी

“सरकली! सरकली!”

एकच ओरडा झाला आणि जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. आमचा जुना हिरवा पिकअप गचका देऊन वीतभर पुढे गेला होता. मागे लाँड्रीच्या चादरींची गाठोडी, आत घाम पुसणारे माझे सासरे, आणि उजव्या चाकाशी उकिडवे बसलेले, गाल अजून फुगलेलेच असे फुंकरबाबा.

उताराच्या तळाशी रेल्वेचं फाटक होतं. शेजारच्या रिकाम्या टपरीत या बाबांनी बैठक मांडली होती. पोटदुखी असो की बंद पडलेलं घड्याळ, त्यांचं औषध एकच : फुंकर. फाटक उघडलं की बाकीच्या गाड्या निघून जायच्या. आमची मात्र जागची हलायची नाही. इंजिन गुरगुरतंय, चाक गच्च! मग बाबा डोळे मिटून सांगायचे, “घाई तुम्हाला आहे, वाहनाला नाही. ते माझ्याशी बोलतंय.” एक फुंकर. काही नाही. दुसरी. काही नाही. “मागे कुणीतरी शंका घेतंय,” बाबा म्हणायचे, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, एवढा पुरावा लोकांना पुरे होता. थोड्या वेळानं गाडी सुटायची. तेवढ्यात मारलेली शेवटची फुंकर खरी ठरायची.

एके दिवशी बाबांनी फर्मावलं, “ही गाडी नव्हे, भक्त आहे. रविवारी हिला माझ्या चरणी सोडा.”

मामंजींनी चक्क मान डोलावली.

घरी आल्यावर सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. “गाडी दिली तर इस्पितळाच्या चादरी काय डोक्यावरून नेणार? लाँड्रीला कुलूपच लावा ना!”

“तिनंच जागा निवडली, त्याला मी काय करू?” मामंजी म्हणाले.

“मामंजी, ती बाजारातही दोनदा अडली होती,” मी म्हटलं.

“तिथे कोण बसलं होतं?”

“कोणीच नाही. म्हणून तर तुम्ही नुसत्या शिव्या घातल्यात.”

सासूबाई खुदकन हसल्या. मामंजी चिडले. “बरं, शोध कारण! रविवारी फाटकाशी अडली नाही, तर तुझं खरं. अडली, तर गाडी बाबांची.”

दुसऱ्याच दिवशी गाडी आमच्या अंगणातच अडली, आणि मला हवी ती संधी मिळाली. जॅक लावून उजवं पुढचं चाक उचललं. हातानं फिरेना. ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तो जरा सैल केला. पिचकारीसारखं तेल उडालं आणि चाक गरगर फिरलं! म्हणजे पेडल सोडल्यावरही तेल चाकाशीच कोंडून राहत होतं. तेलाच्या परतीच्या वाटेवर बोटभर जाडीचा रबरी होज, म्हणजे नळी, होती. बाहेरून ठणठणीत, पण आतून फुगलेला.

आता नवा होज मिळवायचा होता. स्पेअर पार्टवाल्यानं जुना तुकडा पाहून चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, या गाडीचे पार्ट मिळत नाहीत. आठवणी मिळतात.”

तरी माळ्यावर चढून त्यानं धुळीनं माखलेला, सीलबंद डबा आणला. “ओरिजिनल! कुणाचा हात लागलेला नाही.”

मी होज जरासा वाकवला. अंगभर भेगा पडल्या.

“डब्यात ठेवलं म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही, भाऊ,” मी म्हटलं.

तो ओशाळला, पण माणूस भला. ब्रेकचेच होज बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यानं माझा नमुना पाठवला. लांबी तीच, दोन्ही टोकांचे आटे तेच, रबर ताजं. एक बिघडला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून सगळेच बनवून घेतले.

बसवल्यावर ब्रेकमधली हवा काढायची होती. मी चाकाखाली, सासूबाई पेडलवर.

“आई, दाबा!”

“दाबलं!”

“धरा!”

“धरलं गं, पायाला गोळा आला!”

मी स्क्रू उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, घट्ट करायचे. “आता सोडा!”

दाबा, धरा, सोडा. आमचा हा घोष ऐकून शेजारीण कुंपणाशी हात जोडून उभी राहिली. “कुणाचा मंत्र म्हणायचा हा?”

“कसला मंत्र? गाडीचा ढेकर काढतोय!” सासूबाई आतून ओरडल्या.

रविवारी फाटकाशी ही गर्दी! बाबांनी टपरी पताकांनी सजवली होती. गाडी उतरली, मामंजींनी करकचून ब्रेक दाबला. थांबली. फाटक उघडलं. बाबा चाकाशी बसले, गाल फुगवले, आणि फुंकर सुटायच्या आधीच गाडी रुळांपलीकडे गेली. बाबांनी फुंकली ती धूळ त्यांच्याच दाढीत बसली.

“शंका! कुणीतरी शंका घेतली!”

“मीच,” मी म्हटलं आणि स्पिरिटनं धुतलेला जुना होज पुढे केला. “बाबा, तुमची फुंकर एवढी जोरदार. या चाकाकडच्या टोकातून फुंका.”

बाबांनी फुंकलं. चेहरा लाल, डोळे बाहेर. पलीकडे हवेची झुळूकही नाही. मी टोक पुसलं, उलटं धरलं आणि हलकेच फुंकलं. पलीकडे धरलेली पताका फडफडली.

“आतलं रबर सुटून त्याचा पडदा झाला होता,” मी लोकांना सांगितलं. “पाय जोरात दाबला की तेल पडदा ढकलून चाकाकडे जायचं. पाय काढला की पडदा मिटायचा. मग तेल हळूहळू झिरपत परत यायचं, आणि तेवढा वेळ बाबा फुंकत बसायचे. ते जेवायला गेले असते तरी गाडी सुटलीच असती.”

मामंजी गाडी लावून परत आले होते. त्यांनी होज मागून घेतला, एका टोकातून फुंकलं, मग दुसऱ्यातून. बाबांना म्हणाले, “सरका जरा. धुतलेल्या चादरी वाट बघतायत.”

तो होज पुढे मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गातल्या खिळ्याला होता. मामंजी गेले, गाडीही गेली. मुलं फुंकून हसायची तो आवाज कानात आहे. त्यांना सांगायचे तेच तुम्हालाही सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, पाया पडू नका. वस्तू हातात मागा, आणि दोन्ही टोकांनी फुंकून बघा.